जरा पडलोय

लातूरच्या लग्नात उज्ज्वलानं एकच फोटो टाकला होता. एकच, असं ती पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिली. दोन टाकले असते तर गुन्हा आणि एकाला माफी, असा काही कायदा असल्यासारखं. फोटोत मांडवाच्या कमानीखाली ती, तिचा नवरा मिलिंद, मुलगी आणि मधोमध फेटा बांधलेले तिचे वडील. खाली एक ओळ: 'आज सगळे लातुरात. अण्णासुद्धा!' ठिकाण फोननं आपणहून जोडलं. हल्ली तो विचारतही नाही.

अण्णा डुबल म्हणजे कऱ्हाडचे निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं सायकलीवरून पत्रं वाटलेली. वय एक्क्याऐंशी, बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटे. घरात जुना तारेचा फोन, पण जवळ मोबाइल नाही. "मला शोधायचंच असंल तर घराला पत्ता हाय की," म्हणायचे. ज्या माणसानं जन्मात आपला ठावठिकाणा कुणाला कळवला नाही, तो लेकीच्या एका ओळीत 'अण्णासुद्धा' होऊन जगजाहीर झाला.

लग्नाहून परतले तर पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. मागच्या खिडकीचे गज मात्र कापलेले. देव्हाऱ्यातला चांदीचा बाळकृष्ण नव्हता. कपाटातली आईची नथ नव्हती. अण्णांनी ती एका जुन्या टपालाच्या पाकिटात जपून ठेवली होती. पाकीट तेवढं फरशीवर पडलं होतं. आणि स्वैपाकघरात ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले होते. चोरांनी चहा करून घेतला होता.

अण्णांनी दोन्ही कप सुलटे करून पाहिले. "घाई नव्हती त्यांना," एवढंच म्हणाले.

बरोबर बोलले होते. घर रिकामं आहे, हे चोराला पूर्वीही कळायचं. कुलूप दिसायचं, दारात दुधाची पिशवी पडून राहायची. नवीन होतं ते हे की घर किती वेळ रिकामं राहणार, हेही आता कळत होतं. चोरांच्या हाती एक धुंडाळणारी प्रणाली आली होती. ती गावोगावचे फोटो, ठिकाणं, 'पोचलो बरं का'चे निरोप दिवसभर चाळत बसे. फोटोतले चेहरे ओळखी. कोण कुणाचा कोण, ते नातेवाइकांच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांवरून जुळवी. मग त्या माणसांचं घर कुठं, आणि फोटोतल्या ठिकाणाहून तिथं पोचायला कमीत कमी किती वेळ, याचा हिशेब मांडी. लातूर ते कऱ्हाड, सहा तास. एवढ्यात एक काय, चार वेळा चहा होतो. तुम्ही स्वतः काही टाकलं नाहीत तरी सुटका नव्हती. तुमची भाची टाकते, व्याही टाकतात, मांडववाला आपल्या मांडवाची जाहिरात टाकतो, त्यात मागं तुम्ही जिलबी खात उभे असता.

उज्ज्वलाच्या मनाला ते फार लागलं. नथ आईची होती आणि ओळ तिची होती. अण्णा तिला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच तिला जड गेलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी तिनं पुण्यात नोकरी बदलली. मराठीची एम.ए.; दहा वर्षं ती यंत्रांना मराठी शिकवायचंच काम करत होती. हवामान सांगणारं यंत्र, बँकेत बोलणारं यंत्र. आता ती 'वस्ती' नावाच्या कंपनीत गेली.

पूर्वी घरातली सगळी परगावी निघाली की शेजारचा कुणीतरी घरात वस्तीला यायचा. दिवा लावायचा, रात्री झोपायचा, घर ओसाड दिसू द्यायचा नाही. तेच काम आता एक पेटी करायची. पेटी घरात बसून घरच्यांच्या सवयी ऐकायची: कोण कसं खोकतं, कुकरच्या शिट्ट्या किती, रेडिओ कधी लागतो, दाराची घंटा वाजली की घरातला माणूस काय म्हणतो. आणि घर रिकामं झालं की ते सगळं स्वतः करायची. संध्याकाळी दिवे, आठला दोन शिट्ट्या, मधूनच खोकला. दारावर कुणी आलं तर मालकाच्याच आवाजात उत्तर. फोनलाही तीच. बाहेरच्या जगाला, आणि त्या धुंडाळणाऱ्या प्रणालीला, घर कायम भरलेलं दिसायचं.

सगळी मेख एकाच गोष्टीत होती. घर रिकामं झालं, हे पेटीला कळायचं कसं? ज्याच्याजवळ फोन असेल त्याचा फोन घराबाहेर गेला की कळायचं. पण म्हातारी माणसं फोन घरी विसरायची, किंवा अण्णांसारखी ठेवायचीच नाहीत. त्यांच्या बाबतीत पेटीनं दारातले शब्द ऐकून ठरवायचं, असं ठरलं. आणि इथंच पेटी तोंडावर आपटली. चाचणीतल्या सतरा घरांत चोऱ्या झाल्या. माणसं निघून गेली होती आणि पेटी मुकाट बसली होती, कारण तिच्या मते माणसं घरीच येत होती.

उज्ज्वलानं ती ध्वनिमुद्रणं ऐकली आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक माणूस उंबऱ्यात उभा राहून म्हणत होता, "येतो."

तिचा साहेब सिद्धेश, पस्तिशीतला मुलगा, इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याला तिनं समजावून सांगितलं, "अहो, निघताना 'जातो' म्हणत नाहीत आपल्यात. अशुभ असतं. 'येतो' म्हणजे गेला."

"आणि खरंच येत असेल तर?"

"तर तो 'आलो' म्हणेल. दाराची घंटा वाजली की आतून काय ओरडतो आपण? 'आलो, आलो.' जो अजून यायचाय तो 'आलो' म्हणतो, आणि जो चाललाय तो 'येतो' म्हणतो."

"मॅडम, ही भाषा तुम्ही लोकांनी चोरांसाठीच केलीय का?"

उज्ज्वलानं नियम लिहिला. चपलांचा आवाज, मग 'येतो', मग शांतता: घर रिकामं. चोऱ्या थांबल्या. कंपनीनं तिला शाल आणि बढती दिली. त्या दिवशी खूप दिवसांनी तिला स्वतःविषयी बरं वाटलं.

पहिली संधी मिळताच ती पेटी घेऊन कऱ्हाडला गेली. अण्णा आधी ऐकेनात.

"अण्णा, तुम्हीच सांगायचा ना, घर बंद असलं की पत्र दारात अर्धं बाहेर ठेवायचं नाही, फटीतून पार आत ढकलायचं? का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू नये. ही पेटी तेच करते."

हा बाण बरोबर लागला. अण्णांचं ते खास होतं. गल्लीतलं कुठलं घर किती दिवस बंद आहे, हे पोस्टमनइतकं कुणाला कळत नाही. म्हणून बंद घराची पत्रं ते सळईनं आत सरकवायचे, तिसऱ्या दिवसापासून पोस्टातच राखून ठेवायचे, आणि "कुठं गेलेत हो हे?" असं कुणी विचारलं तर "असतील की आत," म्हणायचे. छत्तीस वर्षं तोंड शिवून काढलेली.

"बरं," अण्णा म्हणाले. "पण डोळा नको तिला. कान चालंल."

म्हणून कॅमेरा बसवला नाही. पेटी नुसती ऐकणारी राहिली, पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला. दाराला वस्तीचंच कुलूप लागलं; ते अण्णांच्या बोटानं उघडायचं, नाहीतर उज्ज्वलाच्या फोनवरून.

राहता राहिली किल्ली. घराची जुनी किल्ली गेली बारा वर्षं शेजारच्या रझियाभाभी मुल्लांकडं असायची. अण्णा बाहेर असले की मुल्लांच्या घरातलं कुणी येऊन दिवा लावून जायचं. पण भाभींची सून दिवसभर फोनवर काहीबाही टाकायची. एकदा तिनं टाकलंही होतं, 'अण्णा गावाला गेलेत, दिवा लावायची ड्युटी आमची.' कौतुकानंच टाकलं होतं बिचारीनं. उज्ज्वलानं ते पाहिलं होतं. ती भाभींकडे गेली आणि म्हणाली, नवं कुलूप बसवलंय, आता किल्लीची गरज नाही.

भाभींनी भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून दिली. "ठीक आहे की," म्हणाल्या. चहा विचारला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

पेटी उत्तम चालली. उज्ज्वलाच्या फोनवर एक खूण दिसायची: हिरवी म्हणजे अण्णा घरात, राखाडी म्हणजे बाहेर आणि पेटीचा अंमल सुरू. दिवसातून आठ-दहा वेळा ती बघायची. हिरवं दिसलं की जीव भांड्यात पडायचा. पूर्वी ती दर पंधरवड्याला कऱ्हाडला जायची. मग महिन्यानं, मग सणावारी. मुद्दाम नव्हे हो. नोकरी, मुलीची बारावी, मिलिंदची फिरती. शरीर रविवारी उठायलाच तयार नसायचं. आणि खूण हिरवी असायची. निघताना उंबऱ्यात ती म्हणायची, "येते अण्णा." अण्णा म्हणायचे, "ये." मग दोन महिने कुठल्या कुठं निघून जायचे.

तो गुरुवार होता. संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास तिनं फोन पाहिला. राखाडी, ४:४२ पासून. गुरुवारी अण्णा दत्ताच्या देवळात भजनाला जात, तिथून घाटावर, प्रसादावरच जेवण उरकून नऊपर्यंत घरी. ती कामाला लागली.

आठ वाजता बसमधून तिनं कऱ्हाडच्या घरी फोन लावला. खूण अजून राखाडीच होती. म्हणजे उचलणार पेटी, हे तिला ठाऊक होतं. तरी लावला.

"हां, बोल गं उजे," अण्णांचा आवाज.

"जेवलात का?"

"झालं की. भाकरी आन् पिठलं. तू?"

"अजून नाही. दमलेय खूप."

"दमणारच. झोप लवकर. मीबी जरा पडलोय."

दोन मिनिटांत संपलं. खऱ्या अण्णांनी अर्धा तास घेतला असता: गुडघा, नळाचं पाणी, पेन्शन, कुणाचं कोण वारलं. पेटीला गुडघा नव्हता. उज्ज्वलानं फोन पर्समध्ये टाकला आणि तिला हलकं वाटलं. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, की ती पेटी आहे हे माहीत असून त्या फोननं तिचं समाधान झालं होतं. घरी पोचल्यावर जेवून ती जी आडवी झाली ती सकाळीच उठली.

सहा वाजता तिनं खूण पाहिली. राखाडी. ४:४२ पासून.

भजन साडेतेरा तास चालत नाही. तिनं भाभींना फोन केला, सात महिन्यांनी.

"भाभी, अण्णा कुठं आहेत?"

"घरातच की. रात्री लाइट होती, रेडिओ होता, शिट्ट्या पण ऐकल्या मी दोन. काय झालं?"

"भाभी, तुम्ही दारात जा. मी इथून कुलूप उघडते. लगेच जा."

पलीकडं भाभींच्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी. मग घंटा. आणि उज्ज्वलानं पुण्यात बसून फोनमधून आपल्या बापाचा आवाज ऐकला, शांत, जरा झोपाळू: "कोण? अहो, जरा पडलोय. नंतर या."

भाभी थांबल्या. "बोलतायत की ते. पडलेत म्हणे."

"ते अण्णा नाहीत. आत जा."

कुलूप खटकन उघडलं. भाभी आत गेल्या. काही सेकंद नुसता रेडिओ ऐकू येत होता. मग भाभींचा आवाज आला, मागच्या मोरीकडून, आणि त्या आवाजात शब्द नव्हते.

अण्णा जिवंत होते. कमरेचं हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं, ओठ फुटले होते. हाताशी घंगाळ होतं म्हणून रात्रभर ओंजळीनं पाणी तरी पीत राहिले होते. भाभींच्या मुलानं त्यांना दवाखान्यात हलवलं. उज्ज्वला दुपारी पोचली तेव्हा शस्त्रक्रियेची तयारी चालू होती. संध्याकाळी सिद्धेशनं पेटीची नोंद तपासून पाठवली, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं ती ओळीओळीनं वाचली.

४:४१, घंटा. ४:४१, रबरी चपलांचा आवाज. ४:४२, मालक: "थांबा जरा, येतो." ४:४२, धप्प असा आवाज, मागच्या बाजूनं, मागचं दार बंद झालं असावं. मग शांतता. निष्कर्ष: घर रिकामं. वस्ती सुरू. ४:४३, घंटा, उत्तर दिलं: "जरा पडलोय. नंतर या."

चपला, मग 'येतो', मग शांतता. तिचाच नियम, काना-मात्रेसह.

आणि पुढं? पुढं साडेतेरा तास अण्णा हाका मारत होते. मोरी लांब असली तरी पेटीच्या कानावर त्या हाका येत होत्या. पण वस्ती सुरू झाली की पेटी अण्णांच्या आवाजाकडं कान बंद करायची. करावाच लागे. नाहीतर स्वतःच्याच तोंडचा खोकला स्वतःच ऐकून तिला वाटलं असतं, आला मालक घरी, आणि ती गप्प बसली असती. पहिल्या चाचण्यांत तसं झालंही होतं. म्हणून कुणा हुशार माणसानं ती सोय केली होती; मालक परतला हे पेटीनं कुलुपाला लागलेल्या बोटावरूनच ओळखायचं. सोय चोख होती. घरात अण्णांचे दोन आवाज होते आणि पेटी त्यातला एकच मोजत होती.

तिसऱ्या दिवशी अण्णा नीट बोलू लागले. उज्ज्वला उशाशी बसली होती, भाभी पायथ्याशी सफरचंद कापत होत्या.

"अण्णा, तुम्ही 'आलो' का नाही म्हणालात?" तिच्या तोंडून गेलं, आणि हे काय विचारतोय आपण, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

अण्णांना प्रश्न वावगा वाटला नाही. "पायाला साबण होता," ते म्हणाले. "लगीच येणं होणार न्हवतं. मग 'आलो' कसं म्हणू? खोटंच की ते. म्हणून म्हणालो, थांबा जरा, येतो."

भाभींनी सुरी खाली ठेवली. "घंटा मीच वाजवली होती. गुळाच्या पोळ्या घेऊन आले होते. गरम होत्या. पडलोय म्हणाले तर म्हटलं, झोपू दे म्हाताऱ्याला."

"तुमचा काय दोष भाभी." अण्णा आढ्याकडं बघत सावकाश बोलत होते. "मी आत फरशीवर. ओरडतोय, भाभी, पडलोय, मी पडलोय. आन् भाईर माझाच आवाज निवांत सांगतोय, जरा पडलोय. शब्द त्योच. दोघंबी खरंच बोलत होतो." "नंतर मी ओरडायचं सोडून दिलं आन् त्याचंच ऐकत बसलो. खोकतोय, रेडिओ लावतोय. उजीचा फोन आला तर जेवलो म्हणून सांगतोय. लई नीटनेटका गडी. मला वाटाय लागलं, घरात त्योच राहतोय आन् मी उगी मधी आलोय."

उज्ज्वला रडली. आवाज न करता, पण रडली. भाभींनी तिच्या हातात सफरचंदाची फोड दिली, आणि ती कशी खावी हे न कळून तिनं ती तशीच धरून ठेवली.

"रडू नगं," अण्णा म्हणाले. "घर चांगलं राखलं त्यानं. एवढं चांगलं, की चोरबी फिरकला नाही. त्या दिवशी एखादा चोर घुसला असता ना, तर सुटलो असतो मी. दार फोडून माणूस तर आला असता."

बाहेर व्हरांड्यात सिद्धेशचा फोन आला. त्याचा आवाज खरंच उतरलेला होता. पोरगा वाईट नव्हता. "मॅडम, आम्ही तातडीनं बदल करतोय. 'पडलोय' हा शब्दच काढून टाकतोय. त्याऐवजी 'विश्रांती घेत आहे' टाकू. कसं वाटतं?"

घरात विश्रांती घेत असलेला एकही माणूस उज्ज्वलानं आयुष्यात पाहिला नव्हता. "टाका," ती म्हणाली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. भांडायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती. "आणि कऱ्हाडची पेटी मी काढतेय, तेवढं नोंदवून घ्या."

अठराव्या दिवशी अण्णांना घरी आणलं. दारात रिक्षातून उतरवताना भाभींच्या सुनेनं फोटो काढला आणि तिथल्या तिथं टाकला: 'आमचे अण्णा घरी आले. आता दोन महिने कुठं जायचं नाही, पलंगावरच.' ठिकाण, वेळ, सगळ्यासकट. उज्ज्वलाचा हात नकळत पुढं झाला, काढ ते म्हणायला. मग तिनं तो मागं घेतला. घरात एकटा म्हातारा आहे आणि तो उठू शकत नाही, हे आता साऱ्या मुलखाला कळलं होतं. चोरांनाही कळलं असणार. पण तासाभरात गल्लीतली चौदा माणसं येऊन गेली. दत्ताच्या देवळातले भजनी आले. पोस्टातला नवा पोस्टमन, ज्याला अण्णा ओळखतही नव्हते, तो येऊन पाया पडून गेला. त्यातलं कुणीही दाराबाहेरून परत गेलं नाही.

संध्याकाळी तिनं नवं कुलूप काढलं आणि जुनं लावलं. किल्ली घेऊन ती शेजारी गेली. काय बोलावं ते तिनं वाटेत जुळवलं होतं, दारात ते सगळं विसरली. भाभींनी किल्ली घेतली आणि पदराला पुसून त्याच खिळ्याला अडकवली. खिळा सात महिने तसाच होता.

"चहा ठेवते," भाभी म्हणाल्या.

पाच दिवस उज्ज्वला राहिली. सहाव्या दिवशी रजा संपली. तिनं पिशवी भरली, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. देव्हाऱ्याशेजारी पेटीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. भाभी अकराला येणार होत्या. तिची बस साडेदहाची होती. तिनं चपला घातल्या, उंबऱ्यात उभी राहिली आणि जन्मभर म्हणत आली तेच म्हणाली.

"येते अण्णा."

अण्णा 'ये' म्हणाले नाहीत. त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"कधी?"

दारातल्या बोलण्याची अकराशे तासांची ध्वनिमुद्रणं उज्ज्वलानं ऐकली होती. हजारो माणसं 'येतो' म्हणाली होती आणि हजारो माणसं 'या' म्हणाली होती. 'कधी' असं कुणीच विचारलं नव्हतं. विचारायचंच नसतं ते.

"अण्णा, असं कुणी..."

"पेटीला तू बरोबर शिकवलंस, उजे," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो या वीस-पंचवीस दिवसांचा नव्हता. "या घरात 'येते' म्हणजे जातेच. तिचं काय चुकलं?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बसला पंचवीस मिनिटं होती. उज्ज्वलाच्या डोळ्यांपुढून राहिलेली कामं सरकत गेली, मुलीची परीक्षा, सिद्धेशची बैठक, मिलिंदची फिरती, आणि या सगळ्यांना ती एकेक करून काय सांगेल तेही. तिनं पिशवी खाली ठेवली.

"शनिवारी," ती म्हणाली. "सकाळच्या बसनं. दर शनिवारी."

अण्णांनी तिचं तोंड निरखून पाहिलं, पाकिटावरचा अस्पष्ट शिक्का वाचावा तसं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. पेन तिथंच दोऱ्याला लटकत होता.

"तारीख घाल," ते म्हणाले. "लिहून जा."